कुकडीकाठची राख

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी हे गाव आहे. सह्याद्रीत उगम पावलेली कुकडी पुढे घोडनदीला मिळते आणि घोड भीमेला. बोरीजवळ नदीने कापून काढलेल्या दरडीत गाळ, वाळू आणि गोटे यांच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा एक पांढुरका, पिठूळ थर आहे. याच गाळात अश्मयुगीन माणसाने घडवलेल्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. राखेचे वय ठरले, की तिच्या आगेमागे असलेल्या हातकुऱ्हाडींचा काळ ठरवायला आधार मिळतो, आणि महाराष्ट्राच्या भूमीवर माणूस केव्हापासून वावरतो आहे या प्रश्नालाही. १९८९ पासून आजवर या राखेला चौदा लाख वर्षे, पावणेसात लाख वर्षे, आठ लाख वर्षे आणि पंचाहत्तर हजार वर्षे अशी चार निरनिराळी वये देण्यात आली. ती देणारे सगळेच अभ्यासक आपापल्या विषयातले जाणते होते आणि प्रत्येकाच्या हाती पुरावा होता.

एकाच मूठभर राखेविषयी इतका मतभेद कसा होऊ शकतो, हे समजून घेण्यासाठी कुकडीचा काठ सोडून समुद्राच्या तळाशी जावे लागते. ज्वालामुखीच्या राखेचे मूळ शोधण्याची विद्या तिथे वाढली, तिथेच फसली आणि तिथेच सुधारली. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रदेश परका वाटेल. परंतु ज्याने एखाद्या पोथीची वंशावळ लावली आहे, दोन प्रतींतला पाठभेद भिंगाखाली धरला आहे किंवा एखाद्या ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या शकावर विश्वास ठेवावा की नाही या पेचात जो पडला आहे, त्याला इथली माणसे आणि त्यांचे प्रश्न ओळखीचे वाटतील.

*

खोल समुद्राचा तळ हे जगातले सर्वांत शांत दफ्तर आहे. तिथे वरून सतत काही ना काही पडत असते: सूक्ष्म जीवांची कवचे, वाऱ्याने आणलेली धूळ, नद्यांनी ओढून नेलेली माती. हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर, पण क्रमाने. जमिनीवर नदी आपलेच लिहिलेले खोडते, पूर येतो, दरड कोसळते, शेतकरी नांगर धरतो. समुद्रतळावर जे आधी पडले ते खाली आणि जे नंतर पडले ते वर, हा नियम बहुतेक ठिकाणी टिकतो. एखादा ज्वालामुखी प्रचंड उद्रेक पावला, की त्याची राख शेकडो, कधी हजारो किलोमीटर जाते आणि या दफ्तरात तिची एक ओळ उमटते.

ही ओळ प्रथम वाचली गेली ती १८७२ ते १८७६ या काळात जगाचे समुद्र धुंडाळणाऱ्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या सफरीमुळे. जॉन मरे आणि बेल्जियन शास्त्रज्ञ रेनार यांनी तळातून उपसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा कोणत्याही ज्वालामुखीपासून फार दूर असलेल्या ठिकाणीही त्यांना ज्वालामुखी काचेचे कण दिसले. पण उपसलेला गाळ म्हणजे फाटलेल्या पोथीतले सुटे पान. पान ओळखता येते, क्रम कळत नाही. क्रमासाठी गाळात नळी खुपसून तो उभाच्या उभा वर काढावा लागतो. १९३० च्या दशकात उत्तर अटलांटिकमधून असे काही स्तंभ काढले गेले, आणि ब्रॅमलेट व ब्रॅडली या अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी त्यांतल्या राखेचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे स्वीडनच्या ‘अल्बाट्रॉस’ जहाजाने १९४७–४८ मध्ये कुलेनबर्गने तयार केलेल्या दट्ट्याच्या नळीने खूपच लांब स्तंभ काढले आणि हजारो वर्षांचा सलग गाळ प्रयोगशाळेच्या टेबलावर आला.

याच सुमारास या विद्येला नाव मिळाले. आइसलंडचा सिगुर्दुर थोरारिन्सन याने १९४४ च्या आपल्या प्रबंधात, हवेतून पडणाऱ्या सगळ्या ज्वालामुखी द्रव्यासाठी राख या अर्थाचा ‘टेफ्रा’ हा जुना ग्रीक शब्द पुन्हा वापरात आणला. त्याची मूळ कल्पना साधी होती. एका उद्रेकाची राख सर्वत्र जवळजवळ एकाच वेळी पडते; म्हणून दूरदूरच्या दोन ठिकाणी तीच राख ओळखू आली, तर ती दोन ठिकाणे काळाच्या एकाच रेषेवर येतात. सगळा भार ‘तीच’ या एका शब्दावर आहे. ती राख तीच आहे, हे कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर हाती नसताना किती दूर भरकटता येते, याचे उदाहरण १९५९ चे आहे. अमेरिकेच्या लॅमाँट वेधशाळेच्या ‘व्हेमा’ या जहाजावर पूर्व प्रशांत महासागरात तळाखालून येणारा एक ठळक प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा नोंदला गेला. नळी टाकल्यावर पांढरी राख वर आली. लामार वर्झेल याला तो एकच विशाल थर वाटला, आणि इतक्या विस्तीर्ण थराला एखादा ज्वालामुखी पुरेसा नाही असे मानून त्याने जगभरच्या एकत्रित उद्रेकाची, इतकेच नव्हे तर अवकाशातून आलेल्या पिंडाच्या दहनाचीही शक्यता बोलून दाखवली. पुढे काचेचे पृथक्करण झाले तेव्हा तो एक थर नसून निरनिराळ्या काळांतले अनेक थर आहेत, आणि त्यांचे उगम अमेरिका खंडांच्या पश्चिम कडेच्या ज्वालामुखींत आहेत, असे दिसले. एका कर्त्याच्या नावावर अनेकांची रचना जमा व्हावी आणि मग त्या कर्त्याला अलौकिक ठरवावे लागावे, असाच हा प्रकार. आपल्या संतवाङ्मयाच्या गाथा संपादणाऱ्यांना तो नवा नाही.

*

राख ओळखण्याची साधने हळूहळू धारदार होत गेली. उद्रेकात शिलारस फेसाळतो, बुडबुडे फुटतात आणि त्यांच्या भिंतींचे तुकडे क्षणात थिजून काच बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे तुकडे फुटक्या बुडबुड्यांच्या कडांसारखे वक्र दिसतात. आधी नुसत्या आकारावरून ओळख पटवत. मग काच निरनिराळ्या तेलांत बुडवून तिचा अपवर्तनांक मोजू लागले. काचेचे घटक बदलले की प्रकाश वाकण्याचे प्रमाण बदलते, म्हणून हा अंक म्हणजे अप्रत्यक्ष रासायनिक ओळख. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब सर्रास वापरात आला आणि एकेका कणातले सिलिका, लोह, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे प्रमाण थेट कळू लागले. त्यानंतर लेझरच्या साहाय्याने बेरियम, स्ट्रॉन्शियम, यट्रियम यांसारखी अत्यल्प मात्रेतली मूलद्रव्येही मोजता येऊ लागली.

या क्रमामागचे तर्कशास्त्र पुण्यातल्याच एका मोठ्या कार्याची आठवण करून देते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त दिली आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. (या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चारही ‘बोरी’ असाच होतो, हा निव्वळ योगायोग.) पाठचिकित्सेत सर्व प्रतींत सारखे असलेले शब्द नात्याविषयी काही सांगत नाहीत, दोनच प्रतींत सारखी असलेली चूक सांगते. राखेचेही तसेच आहे. सिलिकाचे मोठे प्रमाण अनेक ज्वालामुखींत सारखे असते. त्यावरून कूळ ठरत नाही. कुठल्यातरी नगण्य मूलद्रव्याचे विचित्र प्रमाण दोन ठिकाणी जुळले, तर मात्र नाते बळकट होते.

आणखी एक साम्य महत्त्वाचे आहे. पोथीचे वय म्हणजे ग्रंथाचे वय नव्हे, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावर सातशे वर्षांपूर्वीची रचना असू शकते. राखेच्या थरालाही अशी दोन वये असतात: उद्रेक कधी झाला, आणि ही राख या जागी कधी येऊन बसली. खोल समुद्रात ही दोन्ही वये सहसा एकच असतात. नदीकाठी मात्र पावसाने टेकडीवरून धुतलेली, ओढ्याने वाहून आणलेली आणि पुराने दुसऱ्यांदा उचललेली राख उद्रेकानंतर दीर्घकाळाने नव्या जागी नवा थर होऊन बसू शकते. ती प्रत असते, नक्कल असते. आणि नक्कल करणाऱ्याने शेजारच्या मजकुरातले शब्द मध्ये घुसडलेले असू शकतात.

*

टोबाकडे वळण्यापूर्वी भूमध्य समुद्रातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यात या विद्येची ताकद आणि दुर्बलता दोन्ही दिसतात. १९३९ मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात असे मांडले, की क्रीट बेटावरची मिनोअन संस्कृती सांतोरिनीच्या उद्रेकाने नष्ट झाली. कल्पना भव्य होती, आणि प्लेटोच्या अटलांटिसशी तिचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना झाला. पुरावा समुद्रातून आला. ‘अल्बाट्रॉस’ने आणलेल्या पूर्व भूमध्य समुद्रातल्या स्तंभांत ओटो मेलिस याला राखेचे थर आढळले आणि ते त्याने १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. १९६५ मध्ये लॅमाँटच्या ड्रॅगोस्लाव निन्कोविच आणि ब्रूस हीझेन यांनी अधिक स्तंभ तपासून दोन मुख्य थर वेगळे केले. दोन्हींच्या काचेचे अपवर्तनांक निराळे होते. वरचा थर सांतोरिनीच्या मिनोअनकालीन उद्रेकाचा आणि खालचा, कितीतरी जुना थर सांतोरिनीच्याच आधीच्या उद्रेकाचा, असे त्यांनी ठरवले.

वरच्या थराचे निदान टिकले. खालच्याचे टिकले नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काचेचे पृथक्करण झाले तेव्हा तो थर ग्रीसचा नव्हताच. तो इटलीतल्या नेपल्सजवळच्या कँपी फ्लेग्रेई या ज्वालामुखी प्रदेशाचा निघाला. सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या त्या उद्रेकाची राख पुढे रशियातल्या कोस्तेन्की या अश्मयुगीन वसतिस्थानातही ओळखली गेली. निन्कोविच आणि हीझेन यांची चूक समजण्यासारखी आहे. वरच्या थराचा कर्ता सापडला होता, तो जवळ होता, प्रसिद्ध होता; खालचा थर त्याच्याच नावावर घालणे सोयीचे होते. निनावी ओवी दिसली की ती जवळच्या मोठ्या नावाला जोडावी, ही सवय केवळ कीर्तनकारांचीच नसते.

मिनोअन कालगणनेचीही परीक्षा झाली. मातीच्या भांड्यांच्या क्रमावरून असे दिसले, की उद्रेक आणि क्रीटच्या राजवाड्यांचा विनाश यांत काही दशकांचे तरी अंतर आहे; म्हणजे मारिनातोसचे सरळ कारण-कार्य टिकत नाही. १९८७ मध्ये ग्रीनलंडच्या हिमातल्या एका आम्लयुक्त थराच्या आधारे सांतोरिनीचा उद्रेक इ.स.पू. १६४५ चा ठरवला गेला. वर्ष इतके नेमके होते की ते लगेच ग्रंथांत शिरले. नंतर त्या हिमातले काचकण तपासले गेले, तेव्हा ते अलास्कातल्या अनियाकचाक या ज्वालामुखीचे असल्याचे २००४ मध्ये दाखवण्यात आले. नेमकेपणा खरा होता, पण तो भलत्याच घटनेचा होता.

*

आता टोबा. सुमात्रा बेटाच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटर लांब आणि तीस किलोमीटर रुंद असे टोबा सरोवर आहे. त्याच्या मध्यावर समोसिर हे मोठे बेट. काठावर उभ्या राहणाऱ्या माणसाला तो ज्वालामुखी वाटतच नाही, कारण ज्वालामुखीच्या मुखातच तो उभा असतो. जमिनीखालचा शिलारस बाहेर फेकला गेल्यावर वरचे छप्पर कोसळून हा खड्डा तयार झाला, हे डच भूशास्त्रज्ञ व्हॅन बेमेलेन याने १९३० च्या दशकात ओळखले. पण उद्रेक केवढा आणि कधीचा, हे बेटावर बसून कळणे शक्य नव्हते. राखेचा मोठा भाग समुद्रात गेला होता.

ते काम पुन्हा निन्कोविचकडे आले. १९७८ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह दोन महत्त्वाचे लेख प्रसिद्ध केले. ईशान्य हिंदी महासागर आणि बंगालचा उपसागर यांतल्या स्तंभांत राखेचा एक ठळक थर होता. सुमात्राच्या जवळ त्याचे कण मोठे आणि दूर जावे तसे बारीक. म्हणजे दिशा सापडली. टोबाच्या खडकाचे पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वय काढले, ते सुमारे पंचाहत्तर हजार वर्षे आले. दुसरीकडे समुद्री स्तंभातल्या सूक्ष्म कवचांमधील प्राणवायूच्या समस्थानिकांवरून हिमयुगांच्या चढउतारांचा क्रम लावला, तेव्हा राखेचा थर एका उबदार कालखंडाच्या शेवटी आणि थंड कालखंडाच्या सुरुवातीला आढळला. म्हणजे पुन्हा त्याच सुमाराला. एक वय जमिनीवरच्या खडकाने दिले, दुसरे समुद्रातल्या जीवांनी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा न्यायाधीश जसा मान डोलावतो, तसा हा क्षण होता. थरातले जाड कण खाली आणि बारीक वर अशी जी प्रतवारी दिसते, तिच्यावरून उद्रेक नऊ ते चौदा दिवस चालला असावा असा अंदाजही पुढे मांडला गेला.

अलीकडच्या अधिक काटेकोर मोजणीनेही हे वय चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर हजारांच्या आसपासच ठेवले आहे. गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ मध्ये मध्य हिंदी महासागराच्या खोल खोऱ्यातही हीच राख दाखवली. अरबी समुद्रात ती सापडली, दक्षिण चीन समुद्रात सापडली. २०१३ मध्ये आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळात, डोळ्यांना थर म्हणून दिसणारही नाही इतक्या विरळ काचकणांच्या रूपात, ती ओळखली गेली.

इथे शोधाचा स्वर बदलतो. १९९० च्या दशकात असे म्हटले गेले, की टोबाने जगावर ‘ज्वालामुखी हिवाळा’ लादला आणि मानवजात नामशेष होता होता वाचली. या मताचा प्रभाव मोठा होता. पण मलावीच्या गाळात राखेच्या आगेमागे हवामान कोसळल्याची खूण मिळाली नाही. आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरम येथे २००७ मध्ये मायकेल पेट्राग्लिया, रवी कोरीसेट्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की राखेच्या खालची आणि वरची दगडी हत्यारे बरीचशी सारखी आहेत. माणसे राहिली होती, किंवा लवकरच परतली होती. राखेने घटनेची वेळ सांगितली. तिचा परिणाम सांगण्यासाठी दुसऱ्या साक्षी लागल्या, आणि त्या वेगळेच बोलल्या.

*

या तयारीने आता कुकडीकाठी परतता येईल. बोरीची राख महाराष्ट्राची नाही, एवढे प्रथमपासून स्पष्ट होते. आपले पठार ज्वालामुखीचेच आहे, पण ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या बेसाल्टचे. त्यात सिलिका जेमतेम निम्मी. बोरीच्या काचेत ती तीन चतुर्थांशांच्या घरात. अशी पांढरी, सिलिकासमृद्ध राख फेकणारा ज्वालामुखी दख्खनमध्ये त्या काळी नव्हता. वारा तिला दुरून घेऊन आला होता.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संशोधकांना या राखेचे महत्त्व तत्काळ जाणवले. ह. धी. सांकळियांनी १९५४–५६ मध्ये नेवाशाला उत्खनन केले तेव्हापासून प्रवरा-गोदावरीच्या काठची दगडी हत्यारे आपल्याला माहीत होती. त्यांचा आधी-नंतरचा क्रम लावता येत होता, पण वर्षांत बोलता येत नव्हते. राखेने ती सोय दिली. १९८९ मध्ये कोरीसेट्टर आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने काढलेले वय प्रसिद्ध केले: चौदा लाख वर्षे. हे खरे असेल, तर कुकडीकाठचा हातकुऱ्हाडवाला माणूस आफ्रिकेबाहेरच्या आद्य मानवांत मोडत होता.

मग समुद्राकडून हरकत आली. टोबाची राख आता चांगली ओळखीची झाली होती. १९९५ मध्ये फिल शेन, जॉन वेस्टगेट, मार्टिन विल्यम्स आणि रवी कोरीसेट्टर यांनी भारतातल्या राखेच्या काचेचे पृथक्करण करून सांगितले, की ही टोबाच्या सर्वांत अलीकडच्या उद्रेकाची राख आहे. म्हणजे पंचाहत्तर हजार वर्षांची. या नावांत कोरीसेट्टर आहेत, हे लक्षात घ्यावे. सहा वर्षांपूर्वी ज्या लेखावर त्यांची सही होती, त्याच्या निष्कर्षाला छेद देणाऱ्या लेखावरही त्यांचीच सही आहे. आपल्या वाङ्मयीन वादांच्या इतिहासात अशी उदाहरणे शोधावी लागतात. त्याच वर्षी शीला मिश्रा, एस. एन. राजगुरू आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने वेगळेच वय दिले: सुमारे पावणेसात लाख वर्षे. पुढच्या वर्षी ‘क्वाटर्नरी रिसर्च’मध्ये दोन्ही बाजूंची उत्तर-प्रत्युत्तरे झाली. १९९८ मध्ये वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी द्वीपकल्पातली टोबाची सगळी राख पंचाहत्तर हजार वर्षांचीच असल्याचे ठामपणे मांडले. २०११ मध्ये रॉब वेस्टअवे आणि शीला मिश्रा यांनी सहकाऱ्यांसह तिसरा मार्ग सुचवला: राख टोबाचीच, पण त्याच्या एका जुन्या, सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची.

हा तिसरा मार्ग केवळ तडजोड नाही, आणि त्याचे कारणही समुद्रातच आहे. टोबाचा उद्रेक एकदाच झालेला नाही. हिंदी महासागराच्या तळाशी नव्वद अंश पूर्व रेखांशाला समांतर धावणारी एक लांब पर्वतरांग आहे. तिच्यावर १९८८ मध्ये ७५८ क्रमांकाचे छिद्र घेतले गेले, आणि त्या स्तंभात राखेचे अनेक थर एकाखाली एक आढळले. सर्वांत वरचा ठळक थर पंचाहत्तर हजार वर्षांचा. त्याखाली बऱ्याच खोलीवर सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीचे टोबाचे थर. एकाच खाणीतून, एकाच जातीच्या शिलारसातून आलेली ही राख मुख्य घटकांत जवळजवळ सारखी. म्हणजे एकाच लेखनिकाने तारुण्यात आणि वार्धक्यात लिहिलेल्या दोन प्रती: अक्षर तेच, काळ वेगळा. अक्षरावरून लेखनिक कळतो, साल कळत नाही. समुद्रात ही अडचण नाही, कारण तिथे वरचे-खालचे स्थान साल सांगते. नदीकाठच्या एकट्या थराला मात्र वरचा-खालचा शेजारी नाही.

आणि वय काढण्याच्या पद्धतींनाही नदी फसवते. पोटॅशियम-आर्गॉन पद्धत खडक थिजल्यापासून साचलेला आर्गॉन मोजते. नमुन्यात कोट्यवधी वर्षे जुन्या दख्खनी बेसाल्टचा अल्पसा अंश जरी मिसळला, तरी त्यातला जुना आर्गॉन राखेचे वय फुगवतो. कुकडीच्या गाळात बेसाल्टचे कण सर्वत्र आहेत. प्रक्षिप्त श्लोकामुळे ग्रंथाचे वय कमी भासावे, त्याच्या अगदी उलट हा प्रकार: इथे प्रक्षेप वृद्ध आहे आणि संहिता तरुण. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येते, की थराची नदीतली जागा, गाळाची जुनी घडण आणि त्यातली पुराचुंबकीय चिन्हे यांचा एकत्र विचार केल्याशिवाय केवळ काचेच्या रसायनावर निकाल देऊ नये. वेस्टगेट आणि निकोलस पिअर्स यांच्या नंतरच्या कामाने रसायनाची धारही वाढवली आहे. पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या राखेत बेरियम, स्ट्रॉन्शियम, यट्रियम यांच्या प्रमाणांवरून काचेचे एकाहून अधिक गट पडतात, हे त्यांनी २०१३ मध्ये दाखवले. म्हणजे त्या उद्रेकाची सही आता एका रेघेची न राहता अनेक वळणांची झाली आहे, आणि अशा सहीची नक्कल जुन्या उद्रेकाला करता येणे कठीण आहे.

*

या वादात पणाला काय होते, हे स्पष्ट बोलायला हवे. चौदा लाख हा आकडा आला तेव्हा तो केवळ आकडा राहिला नाही. आपली भूमी किती प्राचीन, या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो वाचला गेला. आपण मराठीचे अभ्यासक या ओढीशी परिचित आहोत. आद्य मराठी शिलालेख श्रवणबेळगोळचा की अक्षीचा, ‘विवेकसिंधु’तला शक ग्राह्य की अग्राह्य, या चर्चांत पुराव्याबरोबर अभिमानाचा एक झरा नेहमीच वाहत असतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हाही प्राचीनत्व हा एक निकष होता. प्राचीनत्वाची ओढ स्वाभाविक आहे. ती पुराव्याची जागा घेऊ लागते तेव्हाच अडचण होते, आणि पुष्कळदा ते घडल्याचे आपल्याला नंतर कळते.

भारतातल्या हातकुऱ्हाडींच्या प्राचीनत्वाचे उत्तर अखेर राखेविनाच आले. चेन्नईजवळच्या अत्तिरम्पाक्कम येथे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पुराचुंबकत्व आणि वैश्विक किरणांनी गारगोट्यांत तयार होणारी मूलद्रव्ये यांच्या आधारे दाखवले, की तिथली हातकुऱ्हाड-परंपरा दहा लाख वर्षांहून जुनी, बहुधा पंधरा लाख वर्षांच्या घरातली आहे. म्हणजे १९८९ च्या लेखाने जे मानले ते भारतापुरते अशक्य नव्हते. फक्त बोरीच्या राखेच्या त्या मोजणीने ते सिद्ध होत नव्हते. निष्कर्ष बरोबर असू शकतो आणि त्याचा पुरावा कच्चा असू शकतो. विद्यार्थ्यांना हे शिकवणे कठीण जाते, कारण गुण निष्कर्षाला मिळतात.

वर्गात पाठचिकित्सा शिकवताना मी अलीकडे बोरीचे उदाहरण देऊ लागलो आहे. फळ्यावर तीन प्रश्न वेगवेगळे लिहितो. ही राख कोणाची? उद्रेक कधीचा? आणि ती या दरडीत कधी आली? मुले बहुधा पहिल्याचे उत्तर तिसऱ्याला देतात. मग मी ‘राख’ पुसून ‘ओवी’ लिहितो: ही ओवी कोणाची, रचना कधीची, आणि या पोथीत ती कधी शिरली? तेव्हा वर्ग थोडा शांत होतो. पहिल्या प्रश्नावर बोरीच्या बाबतीत वाद करणारे दोन्ही पक्ष आज एकाच ठिकाणी उभे आहेत: सव्वातीन हजार किलोमीटरवरच्या टोबाशी. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी कुकडीची ती दरड टिकली पाहिजे. दर पावसाळ्यात नदी तिचा थोडा भाग नेते. माणसेही वाळू आणि माती नेतात. समुद्रतळावरचे दफ्तर त्या मानाने सुरक्षित आहे. नदीकाठचे हे एक पान आपल्या हाती आहे तोवरच वाचायचे आहे.